चेंडू वर थांबतो तेव्हा

“आधी बोल, मग सोड.”

भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये आमच्या लॅबमावशी कुणाच्याही हातात काही द्यायच्या त्या हे बजावूनच. एका हातात डस्टर, दुसऱ्यात कागदाचा घट्ट बोळा. आधी कोण पडणार?

“डस्टर! जड आहे ना, मावशी.”

“नक्की?”

“शंभर टक्के.”

“सोड.”

टप्. आवाज एकच. मुलगा डस्टरकडे असा बघायचा, जणू त्यानं ऐनवेळी दगा दिलाय. “कालच सरांनी फळाभर लिहून दिलं होतं ना?” मावशी विचारायच्या. “वहीत उतरलं, डोक्यात नाही. उचल. परत सोड.”

माझी पाळी बल्बची होती. एकापुढे एक जोडलेले दोन सारखे बल्ब. मी ठणकावून सांगितलं, दुसरा मंद लागणार, कारण पहिल्यानं करंट खाल्लेला असणार.

“करंट म्हणजे काय ताटातलं जेवण आहे? पहिला जेवून उठला, आता दुसऱ्याला उरलंसुरलं?”

बटण दाबलं. दोन्ही बल्ब सारखेच पिवळे.

“घरात धाकटी आहेस का गं?”

“हो. कसं ओळखलंत?”

“धाकट्यांनाच असं वाटतं. मीपण शेंडेफळ. पाचवी. मलाही वाटलं होतं.”

कागदोपत्री त्या प्रयोगशाळा परिचर. काचा पुसायच्या, कप्प्या आणि वजनं मोजून द्यायची, मोजून घ्यायची. नववीत शाळा सुटली. आई अंथरुणाला खिळली होती, घरात कुणीतरी हवं होतं. थोरली चौघं आपापल्या वाटेला लागलेली. शेंडेफळ हाताशी होतं. पुढे आई गेली, लग्न झालं, संसार झाला आणि एक दिवस ही नोकरी मिळाली. “शाळेत परत आले,” असं त्या सांगायच्या आणि हसायच्या. “फक्त दार चुकलं. मुलांच्या दारानं यायचं ते शिपायांच्या दारानं आले.”

लॅबला लागूनच वर्ग होता. दोन्हींच्या मधे एक दार, दाराशी कपाट, कपाटाशी मावशींचं स्टूल. तिथं बसून त्यांनी अठ्ठावीस वर्षं अकरावीचं भौतिकशास्त्र ऐकलं. वर्गातले बाक त्या रोज पुसायच्या. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर त्यांचा हात जरा जास्त वेळ रेंगाळायचा. पण त्यावर त्या कधी टेकल्या नाहीत. कुणी मनाई केली नव्हती. कुणी बसा म्हटलंही नव्हतं.

एकदा मधल्या सुट्टीत विसरलेली कंपासपेटी न्यायला मी लॅबमध्ये परतले, तर मावशी एकट्याच उभ्या. हातात रबरी चेंडू. वर उडवायच्या, मान वर करून बघायच्या, झेलायच्या.

“काय बघताय, मावशी?”

“तो वर थांबतो ना, ते. जाताना ओढ, येताना ओढ. मधे एक क्षण त्याला कुणी ओढत नाही बघ. तेवढीच त्याची सुट्टी.” चेंडू पुन्हा वर गेला. “बरं वाटतं बघायला.”

मलाही बरं वाटलं. चुकतंय कुठे, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

त्या वर्षी मावशी निवृत्त होणार होत्या. शेवटच्या आठवड्यात सोमवारी त्या सरांपुढे उभ्या राहिल्या. आमचे सर इतक्या वेगानं शिकवायचे की आम्ही त्यांना मेलगाडीवरून मेलसर म्हणायचो.

“सर, एक तास मला द्या.”

“तास? शनिवारी तुमच्या निरोपाचा कार्यक्रम आहेच की. तेव्हा बोला हवं तेवढं.”

“बोलायचं नाहीये. शिकवायचंय.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पंधरा मिनिटं. शुक्रवारी. चालेल?”

“पळेल.”

शुक्रवारी मावशींनी तीनदा हात धुतले, हे मी मोजलं. नळ वर्गाच्या दाराबाहेरच होता. सर शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मावशी फळ्यापुढच्या चौथऱ्यावर चढल्या आणि तिथून आमच्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. मग पदराआडून चेंडू काढला.

“आधी बोला. हा अगदी वर पोचला, थांबला. तिथं त्याला कोण ओढतंय?”

“पृथ्वी!” अर्धा वर्ग.

“कुणी नाही!” उरलेला.

“कुणी नाही,” मावशी म्हणाल्या. चेहरा उजळला होता. “म्हणून तर थांबतो. एकच क्षण, पण तो त्याचा स्वतःचा. अठ्ठावीस वर्षं बघतेय मी.”

मी मागे वळून पाहिलं. सरांनी तोंड उघडलं होतं. मग त्यांनी ते मिटलं.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून कुजबूज आली. तिथं बसणाऱ्या मुलीला आम्ही पुटपुट म्हणायचो. ती कधी मोठ्यानं बोलायचीच नाही.

“काय गं? मोठ्यानं बोल.”

“नाही... म्हणजे... मग तो खाली का येतो?”

“का म्हणजे?”

“थांबलाय. कुणी ओढत नाहीये. मग तिथंच राहायला हवा ना, मावशी? तसाच, अधांतरी.”

मावशींनी चेंडू वर उडवला. झेलला. पुन्हा उडवला. तिसऱ्यांदा त्या नुसत्या वर बघत राहिल्या. चेंडू खाली आला, चौथऱ्यावर आपटला आणि बाकांखाली घरंगळत गेला.

“म्हणजे सोडतच नाही ती पृथ्वी?”

“नाही,” सर मागून म्हणाले.

“वर असतानासुद्धा? एक क्षणही?”

“एक क्षणही नाही. थांबलेला असतो, पण ओढ तेवढीच असते.”

मावशी चौथऱ्याच्या कडेवर आल्या. “दरवर्षी तुम्ही म्हणायचात, वर पोचला की वेग शून्य. आणि नेमकं तेव्हाच लॅबमधून कुणीतरी हाक मारायचं, मावशी, कप्पी द्या. पुढचं कधी कानावर पडलंच नाही. मग पुढचं मीच जुळवलं.” त्यांनी पदरानं ओठ टिपले. “छान जुळलं होतं हो.”

“मावशी, ही चूक दरवर्षी अर्ध्या वर्गाची होते.”

“वर्गाची होत असेल. मी वर्गात कुठं होते?”

सर उठले. बाकांमधून पुढे आले, वाटेत वाकून त्यांनी चेंडू उचलला. “सहा मिनिटं उरलीत. पुढचं आज ऐका. बसा.”

मावशींनी सवयीनं दाराकडे, स्टुलाकडे पाहिलं.

“तिकडे नाही. बसा ना.”

पुटपुट खिडकीकडे सरकली. मावशी आल्या आणि तिसऱ्या बाकावर बसल्या. अगदी कडेला, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं, अशा बेतानं. मग हळूच आत सरकल्या. पुटपुटनं आपली वही दोघींच्या मधे ठेवली.

त्या दिवशी सर सावकाश शिकवत होते. त्यांनी चेंडूची वाट काढली, वर जाणारी, वळून खाली येणारी, आणि वाटेवर जागोजागी खाली तोंड केलेले बाण काढले. सगळे सारख्या लांबीचे. अगदी टोकावरचासुद्धा. मावशी त्या टोकावरच्या बाणाकडे बघत होत्या.

घंटा झाली. मुलं उठली, बाक करकरले. दारातून पुढच्या तुकडीतल्या कुणीतरी डोकं आत घातलं. “मावशी, कप्पी कुठंय?”

“दुसऱ्या कपाटात, खालच्या खणात. तूच घे.”

त्या बसूनच राहिल्या. सर फळा पुसायला वळले, तेव्हा तिसऱ्या बाकावरून एक हात वर गेला.

“सर, पुसू नका. एक विचारायचंय.”