दिघोरीच्या खांबावरचे दोन ठोके

मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिलो, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या! भूत, चकवा वगैरे ऐकलं की मी हसणाऱ्यांतला. पण ही गोष्ट माझ्या बाबांची आहे, आणि बाबा मीटर लावल्याशिवाय साधा बल्बही गेला म्हणत नाहीत...

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. साकोलीला हायवेवर एका कंपनीचं ऑफिस (नाव राहू द्या), बाबा तिथे टेम्पररी टेक्निशियन. नागपूरच्या हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या दोन लीज लाईन, म्हणजे भाड्याने घेतलेल्या टेलिफोनच्या तारा — एक सरळ हायवेने, दुसरी दिघोरीवरून वळसा घेऊन. दोन्ही इतक्या स्लो की एक पान छापेपर्यंत चहा थंड!! म्हणून बाबांनी दोन डबे बनवले, एक नागपूरला, एक इथे. पानाची पहिली ओळ हायवेच्या लाईनवर, दुसरी दिघोरीच्या, तिसरी परत हायवेच्या... आणि इकडचा डबा सगळ्या ओळी जुळवून पान छापणार. दोन लाईनची मिळून एक, दुप्पट फास्ट!

नागपूरचे साहेब डेमो पाहायला येणार होते. डबा चालला तर बाबा परमनंट. आणि परमनंट झाले तरच आईशी लग्न, कारण बपेऱ्याच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडलांनी, तोंडावर सांगितलं होतं, "टेम्पररीले मी पोरगी देत नाही."

दिघोरीची लाईन सांभाळायचे सुदामकाका. म्हातारे लाईनमन, सायकल, खांद्यावर टेस्ट फोन. रोज अकराच्या सुमारास दिघोरीच्या खांबावर चढून तारेवर पक्कडीचे दोन ठोके मारायचे. इकडे फोनमध्ये ठक-ठक, मग आवाज, "जयभीम बाबू, लाईन साफ!" ते ऐकलं की बाबा मीटर लावतच नसत. तेवढा एकच अपवाद.

"काका, डेमोच्या दिवशी दगा नका देऊ."

"कायले भेतं बे? तुह्या परीक्षेले लाईन माह्याकडे. तू फक्त लग्नात मले पंगतीत पहिले बसव."

त्या उन्हाळ्यात काका गेले. साधा ताप आला आणि गेले.

डेमो पावसाळ्यात. आदल्या दिवशी वादळ झालेलं. सकाळी साहेब खुर्चीत, हातात घड्याळ. अकरा वाजायला आले. बाबांनी दिघोरीच्या लाईनचा फोन उचलला...

ठक-ठक.

बाबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जयभीम काका." आणि मग अंगावर काटा. पलीकडे आवाज नाही, फक्त वारा. नवीन लाईनमन असेल, असं मनाला समजावलं — आणि मीटर न लावता साहेबांना म्हणाले, "लाईन साफ आहे, सर."

प्रिंटर सुरू झाला. खर्रर्र... सगळ्या ओळी!! साहेबांनी घड्याळ पाहिलं, बरोब्बर अर्धा वेळ.

जेवणाच्या सुट्टीत नवीन लाईनमन आला, कमरेपर्यंत चिखल.

"अकराला ठोके मारले, बरं केलं गड्या," बाबा म्हणाले.

"कायचे ठोके? बाबू, दिघोरीचा खांब रात्रीच पडला ना! सकाळपासून धानाच्या बांधीत तार हुडकून राहिलो." आणि त्याने पिशवीतून तुटलेल्या तारेचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

बाबांनी तेव्हा मीटर लावला. लाईन मेलेली. तेच पान परत मागवलं... एक ओळ छापलेली, एक कोरी, एक छापलेली, एक कोरी. डबा त्याच्या हिशोबाने बरोबरच चालून राहिला होता!

बाबांनी साहेबांना सगळं खरं सांगितलं. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. मग म्हणाले, "तार जोडून घ्या, उद्या परत दाखवा." तार जोडली, दुसऱ्या दिवशी डबा परत चालला. बाबा परमनंट झाले.

दोन्ही कागद घरी आहेत, पिवळे पडलेत. मी इंजिनीअर आहे, शंभर थिअऱ्या मांडून पाहिल्या — एकही बसत नाही. बाबा तर थिअरी मांडतच नाहीत. आई सांगते, लग्नाच्या पहिल्या पंगतीत बाबांनी एक पान वाढायला लावलं होतं... आणि तिथे कोणालाच बसू दिलं नाही.