बंदुकीच्या तोंडातला झेंडू

जयसिंगपूरच्या दुकानात गिऱ्हाईकाला कापड फाडून देत होतो, तेवढ्यात दाजींचा फोन आला. "बाळू, आक्काला लागलंय. ये." मागं हलगी कडाडत होती, फटाके फुटत होते. दाजींची जोडी त्या दिवशी शर्यत जिंकली होती, कोल्हापुरात त्यांच्या गल्लीत मिरवणूक होती. मला वाटलं, बैलानं ढुशी दिली असेल. दवाखान्यात पोचलो तर नर्स माझ्या बहिणीच्या गळ्यावरचा गुलाल पुसत होती, आणि तो सरत नव्हता... तो गुलाल नव्हताच.

आक्का बैलांना ओवाळायला ताट घेऊन उंबऱ्यावर उभी होती. दाजींचा धाकटा भाऊ मानसिंग घरातली दुनळी बंदूक घेऊन गाडीवर चढला. पहिला बार हवेत गेला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. दुसरा बार काढताना बैल बुजले, गाडीला हिसका बसला, नळी खाली आली. छर्रे आक्काच्या गळ्यात घुसले. ती पडली तर लोकांना वाटलं पाय घसरला. हलगी थांबली नाही. ताट नाचणाऱ्यांच्या पायांत गेलं आणि तिच्या अंगावर गुलाल पडतच राहिला.

आणि हीच बाई जन्मभर त्या बंदुकीशी भांडली! परवाना होता शेतातल्या रानडुकरांसाठी, बंदूक मात्र घराच्या पुढच्या सोप्यात पाहुण्यांना दिसेल अशी टांगलेली. एकदा गडहिंग्लजला लग्नात एका पावण्यानं पिस्तूल उपसलं, तर आक्कानं ते हिसकावून मठ्ठ्याच्या पातेल्यात बुडवलं. "घ्या, आता ह्येबी वाढा!" अख्खी पंगत ठसका लागेपर्यंत हसली. खंडेनवमीला कोयत्या-खुरप्यांशेजारी बंदूक मांडली, की ती दोन्ही नळ्यांत एकेक झेंडू खुपसायची. "गप बस आता, भवाने."

मानसिंग हसायचा. "वैनी, हवेतच मारतो की. कुणाला लागतंय?"

"हवंत मारल्याली गोळी हवंतच ऱ्हाती व्हय, भावजी? खाली कुणाचं तरी घर असतंयच की."

मिरवणुकीत, लग्नात आनंदाच्या भरात असा बार काढणं गुन्हा आहे, कुणाला लागो न लागो. हा कायदा मला आता वकिलानं समजावला. त्यांच्या गल्लीत तो एकटी आक्काच चालवत होती.

आक्काच्या तेराव्याला मानसिंग जामिनावर सुटून आला होता. बंदूक हातातून घसरली आणि आपोआप उडाली, असं तो सांगत होता. त्या दोघा भावांचा मामा दाजींना म्हणाला, "गेल्यालं माणूस माघारी येतंय व्हय? आता भावाला कशाला आत घालतोस?" मी उठलो आणि मानसिंगच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा दात पडला, माझा शर्ट रक्तानं भरला, चौघांनी मला ओढून बाजूला केलं. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण माझ्या ठोशानं काय होणार? मी तिथं नव्हतोच. बाकीच्यांनी कुणी काही पाहिलं नव्हतं म्हणे. बैलांचा कासरा धरून, गाडीकडं तोंड करून उभे होते ते फक्त दाजी. आणि दाजींनी पोलिसांना अजून एक शब्द सांगितला नव्हता.

खंडेनवमीला मी मुद्दाम गेलो. दुखवट्यामुळं सण नव्हता, पण सोप्यात हत्यारं मांडली होती. कोयता, खुरपी, आक्काची विळी. बंदूक पोलिसांकडं, तिची जागा मोकळी. दाजींनी दोन झेंडू घेतले आणि त्या मोकळ्या जागेवर ठेवले.

मानसिंग दारात उभा होता. "दादा, उद्या जबाब हाय. घसरली म्हणून सांगतोस न्हवं?"

दाजींनी मान वर केली नाही. "चाप तू वडलास, मानसिंग. मी बघितलंय. तेच सांगणार."

त्यानं दाजींचे पाय धरले, लहान पोरासारखा रडला. दाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही... आणि दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन पाहिलं तेवढं सगळं सांगितलं.

परवा गेलो तर हत्यारं जागच्या जागी गेलेली. ते दोन झेंडू मात्र अजून तिथंच आहेत, पार वाळलेले. दाजी रोज सोपा झाडतात आणि तेवढी जागा सोडून देतात.