तुपाच्या डब्यातले थर्मोस्टॅट

आदरणीय वासुदेवरावजी कळंबे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते तिगावच्या अलीकडे, भर दुपारी. माझी जुनी छोटी मालगाडी संत्र्याचे कॅरेट घेऊन बंद पडली होती. माझे यजमान शाळेत शिपाई आहेत. स्टिअरिंग हातात आले की त्यांना घाम फुटतो, म्हणून आमच्या घरी गाडी मी चालवते. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, "ड्रायव्हर कुठं गेला, बाई?" चौथ्या माणसापर्यंत माझे डोके पुरते सटकले होते. पाचवे गृहस्थ मोपेडवरून उतरले, त्यांनी सीट उचलून खालच्या इंजिनाकडे पाहिले आणि सरळ मला विचारले, "डिझेल संपू देलं होतं काय तुमी?"

दिले होते. सकाळीच टाकी कोरडी पडली होती आणि मी लहान डब्यातून डिझेल आणून टाकले होते.

"मंग लाइनीत हवा धरली तिनं. हा हातपंप दाबा. मी नाई, तुमीच दाबा. पुढच्या वेळी मी थोडाच इथं उभा राहीन?"

मी दाबत राहिले, बुडबुडे संपले आणि गाडी सुरू झाली. "ड्रायव्हर कुठं" हे न विचारणारे ते पहिलेच, आणि निघाले गाड्यांचे मिस्त्री. त्या दिवसापासून ते माझे काकाजी झाले आणि मी त्यांची पोरगी.

काकाजींच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने शुद्ध मराठीत लिहा म्हणून बजावले आहे. माझ्यापुरते मी लिहीन. काकाजींचे बोलणे मात्र शुद्ध करणार नाही, ते जसे आहे तसेच चांगले आहे. आणि आणखी एक सांगून ठेवते. हा लेख लिहायला मी आठ दिवस टाळाटाळ केली. काकाजींपासून मी पाच वर्षे एक गोष्ट लपवून ठेवली होती, आणि ती न सांगता त्यांचा गौरव लिहायला हात धजत नव्हता. ती गोष्ट शेवटी येईलच.

आमच्या भागात अशा जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, सोळा घोड्यांचे डिझेल इंजिन. नवीन पोरे त्याला हसतात, पण ओझे घेऊन ते निमूटपणे चालते. त्याची दुखणीही ठरलेली असतात. टॅपेट वाजतात, पंख्याचा पट्टा ढिला पडतो, बोअरच्या खाऱ्या पाण्याने रेडिएटर चोंदतो आणि मग हेड गॅस्केट उडते. काकाजींना ही सगळी दुखणी धुराच्या रंगावरून आणि इंजिनाच्या आवाजावरून कळतात. पण मिस्त्री म्हणून ते हुशार आहेत हे सांगायला ग्रंथ कशाला हवा? ते पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर कुणीही सांगेल.

मला सांगायचे आहे ते त्यांच्या चुकीबद्दल.

इंजिनातून गरम पाणी जिथून बाहेर पडते, तिथे दोन बोल्टांच्या झाकणाखाली एक लहानसा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, असतो. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन तापेपर्यंत तो बंद राहतो आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. पुरेसे तापले की उघडतो. आमच्याकडचा उन्हाळा ठाऊक असलेल्या मिस्त्र्यांनी सरळ हिशेब केला, अडथळाच नको, काढा तो. काकाजींनीही बावीस वर्षे हाती आलेल्या प्रत्येक गाडीतला तो वॉल काढला. चांगली वस्तू फेकवेना म्हणून ते सगळे वॉल तुपाच्या एका जुन्या डब्यात टाकत गेले.

एका डिसेंबरमध्ये मी त्यांना म्हटले, "काकाजी, सौंसरहून पांढुर्ण्याले येईस्तोवर गर्मीचा काटा तळालाच बसून राह्यते. इंजन तापतच नाई. सकाळी पांढरा धूर, डिझेलही जास्त जाऊन राहिलं."

"थंडी हाय ना. चांगलंच हाय, थंड हाय त."

"मंग बनवणाऱ्याईनं तो वॉल कायले बसवला? त्याईले काही कामधंदा नव्हता काय?"

काकाजी असे चिडले की विचारू नका. पाना आपटून आत निघून गेले. मी मनात म्हटले, आता दुसरा मिस्त्री शोधा, वनिताबाई! पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते मफलर गुंडाळून माझ्या गाडीत येऊन बसले. सौंसरपर्यंत आणि परत, पूर्ण वेळ काट्याकडे पाहत. दुकानात आल्यावर त्यांनी उघडून ठेवलेल्या एका इंजिनाच्या सिलिंडरमध्ये बोट फिरवले. वरच्या बाजूला घासून कड तयार झाली होती. अशी झीज दिसली की आजवर ते गाडीवाल्यावर ओरडत, ऑइल वेळेवर बदलत नाही म्हणून. त्या दिवशी ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "थंडं इंजन चालवू चालवू घासलं हे. हे त्याईचं नाई, माहं काम होय. मी चुकलो, पोरी."

मग डबा उतरवला गेला. काकूंच्या दुधाच्या पातेल्यात पाणी तापवून काकाजी एकेक वॉल त्यात सोडून पाहू लागले, उघडतो की नाही. काकू दारातून म्हणाल्या, "अवो, त्या पातेल्यात मी सायंकाळी खीर करनार होती!" उघडणारे वॉल एकीकडे, मेलेले एकीकडे. पहिला चांगला वॉल माझ्या गाडीत बसला. त्या पातेल्यात पुन्हा काही स्वयंपाक झाला नाही.

पुढचे दोन महिने काकाजी मोहगाव, बोरगाव, तिगाव फिरले. प्रत्येक गाडीवाल्याच्या अंगणात उभे राहून सांगत, "तुमच्या गाडीतून मी एक वस्तू काढली होती. ती माही चूक झाली. बसवून देतो." मजुरीचा विषय नाही. वर पुन्हा, "हे मले या गजभियेच्या वनितानं शिकवलं," हेही सांगत. लोक तोंडावर हसत. म्हातारपणी मिस्त्रीचे डोके फिरले, असेही म्हणत. मिस्त्रीचे दुकान चालते ते त्याच्या नावावर, आणि काकाजी ते नाव स्वतःच्या हाताने उतरवून ठेवत होते.

मे महिन्यात व्हायचे तेच झाले. बोरगावची एक गाडी उकळली. चौकात माणसे जमली. "बसव आणखी वॉल!" कुणीतरी ओरडले. काकाजी शांतपणे म्हणाले, "चुकलो असन त पुन्हा कबूल करन. पण आधी पाहू त द्या." त्यांनी गाडी ओढून दुकानात आणली आणि रेडिएटर उतरवायला घेतला.

त्या कामाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी काय केले, ते आता लिहिते.

दुसऱ्या दिवशी मला लग्नाची भांडी मोहगावला पोचवायची होती. माझी गाडी उकळली आणि वऱ्हाड जेवायचे राहिले तर? लोक म्हणतील, हिनेच तर मिस्त्रीला शिकवले! मी घाबरले. गावाबाहेरच्या एका मिस्त्रीच्या दुकानात गेले आणि माझ्या गाडीतला वॉल काढून घेतला. तोच वॉल, ज्यासाठी मी काकाजींशी भांडले होते.

तिसऱ्या दिवशी काकाजींनी चौकातल्या सगळ्यांसमोर रेडिएटर उघडला. नळ्यांत खाऱ्या पाण्याच्या क्षारांचा थर बसून सुईभरही वाट उरली नव्हती. रेडिएटर साफ झाला, तोच वॉल पुन्हा बसला आणि ती गाडी भर उन्हात ओझे घेऊन सौंसरला जाऊन आली. काकाजींनी मला विचारले, "तुही कशी हाय?"

"मस्त हाय, काकाजी."

मला वाटले, पुढच्या आठवड्यात बसवून घेऊ. मग लाज वाटली, मग उशीर झाला. वॉल गाडीच्या खणात फडक्यात गुंडाळलेला राहिला. आणि काकाजी चारचौघांत माझे नाव घेऊन कौतुक करत राहिले. प्रत्येक वेळी मला वाटायचे, जमीन दुभंगावी.

हा लेख लिहायला बसले आणि पहिले पान तीनदा फाडले. शेवटी परवा सकाळी गाडी काढली, त्यांच्या दुकानासमोर लावली आणि फडके त्यांच्या हातात ठेवले. सगळे सांगितले. रडले सुद्धा, खोटे कशाला बोलू?

काकाजींनी फडके सोडले, वॉल उजेडात फिरवून पाहिला. "मले मालूम हाय," ते म्हणाले. "पाच वर्सं झाले, हिवाळ्यात तू गाडी दुपारीच आणतं. सकाळी आणली त तळाला बसलेला काटा दिसन ना मले."

"मंग बोलले काहून नाई?"

"काय बोलू? मले माही चूक समजाले बावीस वर्सं लागले. तुले पाचच लागले."

आणि आत हाक मारली, "अवो, पातेलं द्या!"

काकूंनी तेच जुने पातेले आणून ठेवले. पाणी तापले. वॉल उघडला. पाच वर्षे फडक्यात राहूनही चांगला होता. काकाजींनी पाना माझ्याकडे सरकवला आणि दोन्ही बोल्ट मी माझ्या हाताने आवळले.

काकाजी, पंचाहत्तरीच्या या दिवशी आम्हा सगळ्या गाडीवाल्यांचा नमस्कार घ्या. तुमचे गुडघे न कुरकुरता चालोत, डोळ्यांना धुराचा रंग असाच दिसत राहो आणि तुमच्यावर रागवायला काकू कायम तुमच्या शेजारी असोत. शंभर हिवाळे तरी तुम्हाला पाहायचे आहेत. यंदाच्या हिवाळ्यात माझी गाडी सकाळी सातला तुमच्या दारात उभी राहील. मफलर गुंडाळून या, आणि काटा पाहायला पुढच्या सीटवर बसा.