मनकर्णाबाईंनी ठेवलेली पाहणी

निंबखेडच्या मनकर्णाबाईंना सरकारने खोडलं ते १९५१ साली, आणि तेही लाल शाईने.

झालं असं, की देशातल्या पहिल्या निवडणुकीसाठी मतदारांची यादी करायला शाळेचे मोरोपंत गुरुजी दारोदार फिरत होते. निंबखेड म्हणजे बार्शीटाकळीपासून पाच मैलांवरचं, शे-सव्वाशे उंबऱ्यांचं गाव. नत्थुजींच्या ओसरीवर बसून गुरुजींनी आधी नत्थुजींचं नाव लिहिलं. मग दाराआड उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला विचारलं, "बाई, तुमचं नाव?" आतून उत्तर आलं, "सूर्यभानची माय." परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगणं हे त्या काळी चांगल्या घरच्या बाईचं लक्षण नव्हतं. गुरुजींना ते पटलं आणि त्यांनी तसंच लिहिलं. अशा रीतीने गावातल्या तीसेक माया, दहा-बारा बायका आणि तीन सासवा यादीत चढल्या. पुढे वरून हुकूम आला, की ज्यांना स्वतःचं नाव नाही त्यांना काढून टाका. गुरुजींनी खाली मान घालून काढलं. एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाला मत मिळालं होतं. पण माय म्हणजे कायद्याच्या लेखी माणूस की नुसतं नातं, हे ठरायला आणखी पाच वर्षं गेली.

पाच वर्षांनी गुरुजी पुन्हा आले. "बाई, या वेळी नाव सांगा. नाहीतर मला पुन्हा खोडावं लागेल."

दाराआड बांगड्या वाजल्या. मग आवाज आला, "मनकर्णा. लिवा, पन मोठ्यानं वाचू नका."

१९५७ साली त्यांनी मत दिलं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर चित्र असे. कुठल्या पेटीत कागद टाकायचा, हे नत्थुजींनी घरीच तीनदा पाठ करून घेतलं होतं. बाई आत गेल्या, कुणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्या पेट्यांना कुंकू लावलं आणि बाहेर आल्या. "कुठी टाकला?" नत्थुजींनी विचारलं. "पेटीत," बाई म्हणाल्या. याहून जास्त नत्थुजींना मरेपर्यंत कळलं नाही.

मग नवा कायदा आला. पंचायतीत दोन बायका असायलाच हव्यात, असं ठरलं. १९६२ साली सरपंच देवमन पाटलांनी हा प्रश्न चावडीवर मांडला, तेव्हा बैलबाजारात जोड पारखावी तसे सगळे गंभीर झाले. बाई कमी बोलणारी हवी, घर सांभाळणारी हवी आणि तिचा नवरा आपल्या ऐकण्यातला हवा. तिन्ही कसोट्यांना मनकर्णाबाई उतरल्या. दुसरी जागा पाटलांच्या चुलतभावाच्या इंदूबाईंना गेली. त्या वर्षातले आठ महिने माहेरी, शेंदूरजनाघाटला असत. त्यामुळे त्यांची तर काहीच अडचण नव्हती.

मेंबर मनकर्णाबाई झाल्या, पण गाव 'मेंबर' म्हणू लागलं नत्थुजींना. त्यांनी नवी टोपी घेतली. बैठकीला तेच जात, सुपारी कातरत आणि पाटलांचा हात वर गेला की आपलाही वर करत.

"काय झालं बैठकीत?" बाई विचारत.

"काई नाई. चर्चा झाली."

"कायची?"

"पंचायतीची."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवाल बंडू रजिस्टर घेऊन येई. बाई भाकरी थापत असत. पिठाचा हात पदराला पुसून त्या अंगठा देत. निंबखेडच्या त्या वर्षीच्या ठरावांवर म्हणूनच ज्वारीच्या पिठाची पांढरी झाक आहे.

पौषातल्या अशाच एका सकाळी बंडूने रजिस्टर उघडलं आणि सहज सांगितलं, "यंदा पंचायतीचं घर बांधून राह्यले, बाई. झेंड्याचा ओटाबी होनार. सव्वीस जानेवारीले सभापती येनार हायेत पायाभरनीले."

"कुठी?"

"उगवतीच्या बाभूळबनात. सारं साफ करून."

बाईंचा अंगठा अधांतरी थांबला.

त्या बनाबद्दल निंबखेडमध्ये कुणी कुणाला काही सांगत नसे. पहाटे, दिवस उगवायच्या आत, गावच्या बाया टमरेल घेऊन तिकडे जात. पुरुषांची वाट मावळतीकडची, नाल्याची. पहाटेच्या वेळी पुरुषाने बनाकडे फिरकायचं नाही, आणि कामापुरतं फिरकलाच तर दुरून खाकरायचं. खाकरणं ऐकू आलं की बसलेल्या बाया उठून उभ्या राहत आणि तो खाली मान घालून निघून जाई. असा शंभर वर्षांचा रिवाज होता. बाकी सगळं सपाट काळं रान. कापूस वेचून पऱ्हाटी उपटली की कोसभर आडोसा नाही. बन गेलं, तर बायांनी जावं कुठे?

गंमत म्हणजे चावडीला लागूनच जुन्या कोंडवाड्याची जागा मोकळी होती. पण ती मोकळी सरकारी कागदावर. प्रत्यक्षात तिथे देवमन पाटलांचा कडबा रचलेला असे, आणि तो हलवावा हे कुणाच्या मनात येत नसे.

"अंगठा चावडीवर येऊन देतो मी," मनकर्णाबाई म्हणाल्या. बंडूला आधी कळलंच नाही. मग तो रजिस्टर छातीशी धरून भराभरा निघून गेला.

संध्याकाळी नत्थुजींची उलटतपासणी झाली.

"तुमी हात वर केला होता?"

"सगळ्यायनंच केला."

"ते बन कायचं हाय, हे तुमाले माईत नाई?"

नत्थुजी सुपारीचं खांड शोधू लागले. "माईत कोनाले नाई? पन चावडीवर असं कोन बोलंन?"

"मंग मी जातो."

"तू बोलशीन? देवमनदादा तुये भासरे लागते." भासरा म्हणजे नात्याने थोरला दीर. त्याच्यासमोर बाईने मान वर करायची नाही, तोंड उघडायचं नाही.

"त्यायच्याशी कोन बोलून राह्यलं? मी सेक्रेटरीशी बोलीन."

सेक्रेटरी म्हणजे ग्रामसेवक रविकांत. अमरावतीच्या वकिलांचा मुलगा, चष्मेवाला, सहा महिन्यांपूर्वीच गावात आलेला. कायद्याचं पुस्तक त्याला पाठ होतं. निंबखेड अजून व्हायचं होतं.

पुढच्या बैठकीला मनकर्णाबाई दाराशी, भिंतीकडे तोंड करून बसल्या. नत्थुजी आपल्या नेहमीच्या जागी बसले आणि मग, हे बरं दिसत नाही म्हणून, बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ठराव वाचून झाला. बाई भिंतीला म्हणाल्या, "सेक्रेटरीसाहेब, जागा पायल्याशिवाय अंगठा नाई."

रविकांतला आनंद झाला. स्त्री-सभासद बोलल्याची नोंद त्याला पहिल्यांदाच करायला मिळत होती. "अगदी बरोबर. सर्व सभासदांनी जागेची पाहणी करायला हवी. केव्हा ठेवायची?"

"उद्या. पहाटे, झुंजूमुंजूले."

चावडीवर चार माणसं एकदम खोकली.

"पहाटे नको," देवमन पाटील घाईने म्हणाले. "थंडी लय असते."

"मग ब्लँकेट घेऊन येऊ," रविकांत म्हणाला.

"दिवसा काहून नाई?" दुसऱ्या एका पंचाने विचारलं.

"दिवसा ती जागा दिसत नाई," बाईंनी भिंतीला सांगितलं.

आता पहाटे का नको, हे सांगायचं म्हणजे ते बन कशाचं ते सांगायचं. आणि ते तर भल्या माणसाने चावडीवर बोलायचं नसतं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने आढ्याकडे पाहिलं. रविकांतने 'पाहणी, पहाटे पाच वाजता, सर्वानुमते' असं लिहून टाकलं.

त्या संध्याकाळी मनकर्णाबाई पंचवीस घरी विरजण मागायला गेल्या. प्रत्येक घरी उंबऱ्यातच सांगत, "उद्या कोनी लवकर उठून मोकळं होऊ नका वं. पाचच्या सुमारालेच या."

पहाटे पंचायत निघाली. पुढे कंदील घेऊन बंडू, मागे ब्लँकेट पांघरलेले पंच. देवमन पाटील घरापासून बनापर्यंत सारखे खाकरत होते. गावाला वाटलं पाटलांना ढास लागली. बनाच्या तोंडाशी ते थांबले आणि जीव एकवटून एकदा मोठ्याने खाकरले.

रिवाजाप्रमाणे बाया उभ्या राहिल्या.

एरवी दोन-तीन उभ्या राहायच्या. त्या दिवशी या बाभळीआडून एक, त्या बाभळीआडून चार, धुक्यातून रांगच्या रांग उठली. रविकांतला काय ते एका क्षणात कळलं. त्याने चष्मा काढून खिशात घातला आणि गावाकडे तोंड केलं. पण त्याआधी त्याचा सवयीचा हिशेबी डोळा मोजून गेला होता. पंचायतीत हात वर होत नऊ. इथे उभ्या होत्या साठाच्या वर.

सगळ्यांच्या शेवटी, बाभळीच्या खोडाला धरून, एक म्हातारी उठली. तिचे गुडघे दुखत, त्यामुळे तिला वेळ लागला.

"कोन हाय रे खाकरून राह्यलं? देवमन?"

पाटलांनी आपल्या आईचा, गोदाबाईंचा, आवाज ओळखला. "हो, माय."

"तू इकडे काहून आला?"

"पाहनी हाय, माय."

"कायची पाहनी?"

पाटील पुन्हा खाकरले. तेव्हा बायांच्या रांगेतून मनकर्णाबाईंनी सांगितलं, "इथं पंचायतीचं घर होनार हाय, मोठीमाय. झेंडा लागनार हाय."

गोदाबाईंनी थोडा विचार केला. "होऊ दे की. मंग उद्यापासून आमी तुया वसरीवर येतो, देवमन."

बंडूने कंदील आपोआप खाली केला, आणि पंचायत परत फिरली.

त्याच दुपारी चावडीवर बैठक भरली. कडबा कोंडवाड्यातून हलवावा, हे आता सगळ्यांच्या एकदम मनात आलं. रविकांतने लेखणी उचलली. "जागा बदलायची, तर कारण नोंदवावं लागेल."

पंचांनी सुपारी तोंडात टाकली.

"लिहा, जागा वलसर हाय," अखेर पाटील म्हणाले.

"किंवा भूतबाधा लिहा," दुसऱ्या पंचाने सुचवलं.

"जागा कोरडी ठनठनीत हाय," मनकर्णाबाई भिंतीला म्हणाल्या. "आन् भूत कोनी पायलं नाई. सेक्रेटरीसाहेब, लिवा: तिथं बायायची वहिवाट हाय."

वहिवाट. शेताच्या हद्दीवरच्या धुऱ्यासाठी, पांदणीच्या वाटेसाठी, बांधावरच्या निंबाच्या सावलीसाठी याच शब्दावर चावडीवरच्या प्रत्येकाने अकोल्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. त्याला हरकत घ्यायची कुणाची छाती होती? रविकांतने जपून, गोलाकार अक्षरात लिहिलं: 'सदर जागेवर गावातील स्त्रियांची पूर्वापार वहिवाट असल्याने ती जागा सोडण्यात येत आहे. सूचक: मनकर्णाबाई.' अनुमोदक म्हणून देवमन पाटलांनी सही केली. त्यांना रात्री आईच्या शेजारीच पाटावर जेवायला बसायचं होतं.

मग रविकांतने शाईची डबी दाराशी नेली. बाईंनी अंगठा पदराला पुसला, शाईत बुडवला आणि दाबून उमटवला. त्या वर्षीच्या रजिस्टरात पीठ न लागलेला अंगठा तो एकच आहे.