बगळे आले नव्हते

आमचा घरचा धंदा पंपाच्या मोटरी बांधायचा. बोंडअळीने लागोपाठ कापूस खाल्ला त्या वर्षांत मोटर जळली तरी कोणी दुरुस्तीला आणेना, आणि मी पांढरकवड्याच्या दुकानात माशा मारत बसलो. तेव्हा केळापूरच्या पुढे एका पाणथळीवर काम मिळालं. बेशरमाच्या झुडपांनी बुजलेली ही पाणथळ उपसून तिचं तोंड पुन्हा नदीला जोडलं होतं. त्या तोंडाशी पाण्यात एक डबा रोवलेला. तो आवाज सोडायचा आणि परत आलेल्या आवाजातून पडद्यावर चित्र काढायचा, पाणी कितीही गढूळ असो. नदीकडून आत शिरणारी वीतभर आकृती म्हणजे एक मासा, असं मला कामावर ठेवणाऱ्या साहेबांनी शिकवलं होतं. मी काठावरच्या झोपडीत बसून मोजायचो.

जवळच्या भोईवस्तीतली एक मावशी रोज दुपारी यायची. पाणथळ बुजल्यापासून तिचं जाळं आढ्याला टांगलेलं होतं आणि एकुलता एक मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता.

"किती गेले आज, बापू?"

"लय गेले, मावशी."

"मंग बगळे काहून नाही आले?"

मला रागच आला. "मशीनपेक्षा बगळ्याले जास्त समजते काय?"

खरं सांगायचं तर त्या आकृत्या शेपटी हलवत नव्हत्या, नुसत्या सरकत होत्या, हे मलाही दिसत होतं. पण आकडा वाढला की साहेब खूश व्हायचे, आणि मावशीचा चेहरा खुलायचा तो मला बघायचा असायचा. एका दुपारी तिने माझ्याच फोनवरून मुलाला सांगितलं, "मासे आले. ये आता." मीही मागून ओरडलो, "खरं हाय, मी मोजले!"

तो काम सोडून बायकोला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकांनी पाणथळीच्या तोंडाशी जाळं टाकलं. जाळं जड लागलं तशी मावशी हसली. वर आली ती पऱ्हाटी, कापसाच्या झाडांच्या काड्या. अळी पडलेला कापूस लोकांनी उपटून नदीकाठी फेकला होता. भिजून जड झालेल्या त्या काड्या नदी फुगली की पाण्याखालून आत येत होत्या, आणि मी त्याच मोजत होतो.

मुलगा माझ्याकडे न बघता आईला म्हणाला, "यासाठी बलावलं काय मले?" सुरतेची जागा तोवर दुसऱ्याने घेतली होती. दोन दिवसांनी तो बायकोला घेऊन तेलंगणात वीटभट्टीवर गेला. मावशीने जाळं फाटू न देता एकेक काडी सोडवली आणि मोळी चुलीसाठी घरी नेली. मी उभा राहून बघत होतो. साधा हातही लावला नाही, याची अजून लाज वाटते.

पुढच्या श्रावणात पडद्यावर शेपट्या हलल्या. थोड्याच, पण हलल्या. बाहेर येऊन पाहिलं तर काठावर बगळे बसलेले. मी धावतच मावशीकडे गेलो. ती चुलीपुढे बसली होती. जाळं कापून तिने अंगणातल्या वालाच्या वेलाला बांधून टाकलं होतं.

"मावशी, आले! बगळे पण आले. पोराले फोन लावू काय?"

तिने वर पाहिलं नाही. काडी चुलीत सारली.

"तुह्या म्हणण्यावर एकदा बलावलं, बापू. आता कोनत्या तोंडानं बलावू?"