पुसायची राहिलेली सीट

मोहन्यात बंद कारखान्याच्या भिंतीला टेकून कुंडलिकची टपरी आहे. अख्खी हयात मोटरसायकलच्या सीटा शिवण्यात गेली, पण हा माणूस कोणाच्या गाडीवर मागे म्हणून बसत नाही. लहानपणी मामाच्या फटफटीवरून घसरून हनुवटी फुटलेली, तेव्हापासून 'मागे बस' म्हटलं की हा पायी निघतो. "सीटवाला, आणि सीटला भितो," असं त्याची बायको शालू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटते. तो हसतो. काम मात्र त्या भीतीनंच नेटकं करतो.

चामड्याची सीट फार नखरेल. पावसाचं पाणी शिवणीतून मुरलं की आतला फोम कुजतो, चामडं ताठ होऊन तडकतं. म्हणून कुंडलिक तिला पुसून सावलीत सुकवतो, मग कोमट मेण-तेल बोटानं शिवणीत जिरवतो. ते मुरलं की वरचं मेण कोरड्या कापडानं घासून काढायचं काम शालूचं. ते राहिलं तर पाणी पडताच सीट साबणाची वडी होते. दोघांची खूण ठरलेली: घासायच्या सीटवर पिवळं फडकं. फडकं नाही, म्हणजे सीट तयार.

श्रावणातल्या त्या सकाळी प्रीतम गाडी घेऊन आला. "काका, मागची सीट बसवा ना पटकन. आईला टिटवाळ्याला न्यायचंय, नाक्यावर उभी आहे ती."

फळीवर त्याची सीट होती, फडकं नव्हतं. कुंडलिकनं बोल्ट आवळले, प्रीतम गेला.

शालू दूध घेऊन परतली. "अहो, ती सीट दिलीत? मी हातपण नव्हता लावला तिला."

"फडकं नव्हतं गं वर."

फडकं दाराच्या खिळ्याला लटकत होतं, ओलंचिंब. प्रीतमनं ते सीटवरून उचलून, हेल्मेटची काच पुसून तिथं अडकवलं होतं.

प्रीतमची आई, कलावतीमावशी, गाडीवर एका बाजूला बसायची. मांडीवर नारळाची पिशवी, धरायला एकच हात. आणि बाहेर सर आली.

प्रीतमचा फोन नुसता वाजत राहिला. कुंडलिकनं स्कूटर काढली, शालू मागे बसली. खड्डा आला की त्याला मावशी रस्त्यावर पडलेली दिसायची. बल्याणी गावाच्या अलीकडे खरोखरच रस्त्यात बाईची एक चप्पल पडलेली. त्याचा हात ब्रेकवर थिजला.

"मावशीची नाही ती," शालू म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत. चला तुम्ही पुढे."

पुढच्या वळणावर चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली गाडी उभी होती. शेजारी कलावतीमावशी, दोन्ही पायांत चप्पल. कुंडलिकनं स्कूटर बाजूला लावली.

"दोनदा घसरले गं शालू," मावशी म्हणाली. "दुसऱ्यांदा ह्याच्या शर्टाला लोंबकळले. आणि हा म्हणतो, आई, तुझं लुगडंच गुळगुळीत आहे."

"लुगडं नाय, मावशी. मेण पुसायचं राहिलं. चूक माझी," कुंडलिक म्हणाला. प्रीतम काही बोलायच्या आत त्यानं स्कूटरच्या डिकीतलं कोरडं फडकं काढलं आणि घासायला लागला. फडकं चामड्याला अडखळायला लागलं, तरी तो थांबेना.

"झालं?" मावशीनं विचारलं.

"झालं."

तिनं चहावाल्याकडून तांब्या घेतला आणि सीटवर पाणी ओतलं. "मग आधी तू बस. मी बसते तशी, एका बाजूला."

कुंडलिकनं शालूकडे पाहिलं. ती हसली नाही. तिनं नारळाची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

तो बसला. एका हातानं प्रीतमचा खांदा गच्च धरला, डोळे मिटले. गाडी खड्ड्यांतून वळणापर्यंत जाऊन परत आली. सीटनं त्याला जागचं हलू दिलं नाही.

"उतरा काका, आलो," प्रीतम म्हणाला.

"थांब रे जरा," कुंडलिक म्हणाला. खांद्यावरची त्याची बोटं अजून सुटत नव्हती.