कुंकू न लावलेलं पिस्तूल

सत्यभामाबाई माझ्या शेजारी. मूळच्या पिंपळगाव राजाच्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बाजारात बसून वांगी-मेथी विकली आणि एकुलत्या एक हरिओमला पोलिसात धाडलं. तो जमादार झाला, तशा त्या त्याच्याकडे राहायला आल्या. आता बाजारात लोक 'जमादाराची माय' म्हणून त्यांना वाट करून देत. ते त्यांना आवडायचं. का आवडू नये? उभा जन्म, कोण कधी उठवेल या धास्तीनं बसलेली बाई.

हरिओम बायकोला मारायचा. सरळ लिहिते, कारण आमच्या गल्लीत हे सरळ कोणी बोलतच नव्हतं. 'त्यांच्यात वाजलं' म्हणायचे. वाजत-बिजत काही नव्हतं. रुपालीच्या पाठीवर कमरेचा पट्टा पडत होता आणि तिची लहानगी लेक काजल पलंगाखाली शिरत होती. सत्यभामाबाई तेवढ्यापुरता टीव्हीचा आवाज वाढवायच्या. एकदा मी तोंडावर विचारलं, तर म्हणाल्या, "मॅडम, ड्युटीचा ताप हाय त्याले. घरी नाही काढन तं कुठी काढन?"

मग हरिओम एका पुढाऱ्याचा अंगरक्षक झाला आणि पिस्तूल घरी येऊ लागलं. त्याच सुमारास टीव्हीवर बातमी आली: लांबच्या कुठल्या जिल्ह्यात एका पोलिसानं बायकोला आणि मुलीला गोळ्या घातल्या. हरिओम जेवत होता. पडद्याकडे बघत म्हणाला, "बाईनं डोकं खाल्लं असन त्याचं." आणि पुन्हा भाजी मागितली.

त्या दिवशी बाईंनी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन ठाण्यात गेल्या. कुठल्या, ते लिहीत नाही. मी सोबत होते. ठाणेदारांनी चहा मागवला.

"त्याच्याजवळचं पिस्तूल काढून घ्या साहेब," बाई म्हणाल्या. "तो मारून टाकन हिले."

"मावशी, हरिओम आपलाच पोरगा. समजावतो मी त्याला. घरातलं घरात राहू द्या."

"हिची पाठ तं पाहा."

"महिला कर्मचारी आज बंदोबस्ताला गेली आहे. चहा घ्या."

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. तो राग रुपालीच्या हातावर निघाला, हाड मोडलं. इतके दिवस 'पोलीसवाल्या जावयाशी कोण भांडणार' म्हणणारा तिचा मेहकरचा भाऊ प्लास्टर पाहून तेवढा वरमला. 'ये' म्हणाला.

दसऱ्याला हरिओमनं अंघोळ करून पाट मांडला. त्यावर फडकं, फडक्यावर टोपी, पट्टा आणि पिस्तूल.

"माय, कुंकू लाव." मग रुपालीकडे बघून, "हिलेही पाया पडाले लाव. या देवाच्याच धाकात हाय हे घर." आणि हसला. बाहेर मित्रांनी हाक मारली, तसा सोनं वाटायला चौकात गेला.

बाईंनी टोपी आणि पट्टा खाली ठेवला. फडक्याचे चारी कोपरे उचलून गाठ मारली. गाठोडं पिशवीत, वर आपट्याची पानं. रुपालीला आणि काजलला मेहकरच्या बसमध्ये बसवलं आणि ऑटोनं ठाण्यात गेल्या.

दारावरचा शिपाई पिशवी बघून म्हणाला, "मावशी, आमाले नाही काय सोनं?"

"तुह्यासाठी नाही बाबू. साहेबाचं हाय."

टेबलावर गाठ सुटली आणि ठाणेदार खुर्चीसकट मागे सरकले. "हात लावू नका! कुठून आणलं?"

"घरून. पाटावर होतं. दार उघडं होतं."

सुनेच्या मोडलेल्या हातानं जे झालं नाही, ते सरकारी वस्तू उघड्यावर राहिल्यानं झालं. संध्याकाळपर्यंत हरिओम निलंबित.

पुढे चौकशी लागली. त्याच्याबरोबरचे दोन पोलीस घरी आले, अगदी गोड बोलत. मी तिथंच बसले होते.

"मावशी, जबाबात इतकंच म्हना, कपाटाले कुलूप होतं, किल्ली तुम्हीच घेतली. पोराची नोकरी वाचते."

"मंग पिस्तूल परत भेटन त्याले?"

"भेटन ना! काऊन नाही भेटन?"

त्यांना वाटलं, म्हातारीला बरं वाटेल.

"तं लिहा," बाई म्हणाल्या. "पाटावर होतं. पूजेले ठेवलं होतं. कुंकू म्या नाही लावलं."

हरिओम दारात उभा होता. "माय, वैरीण हायेस काय तू माही?"

"असन. भाकर खाऊन घे."

ते दोघं गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही इथं राहू नका. माझ्याकडे चला."

त्यांनी अंगणातल्या मोटारसायकलकडे बोट केलं. "मी तुमच्याकडे आली, अन् हा मेहकरले निघाला, तं आडवं कोन होईन मॅडम?"

अजून त्या तिथंच आहेत. दिवसभर उंबऱ्यावर बसून मेथी निवडतात.